मावळतीचे पाणी : भंडारा जिल्ह्यातील तलावकाठ आणि छायाचित्रण

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला असलेल्या भंडारा जिल्ह्यातून सरळ रेषेत अंतर मोजले, तर अरबी समुद्रापेक्षा बंगालचा उपसागर जवळ पडतो, आणि जिल्ह्याचे पाणीही वैनगंगेतून प्राणहिता व गोदावरीमार्गे त्याच उपसागराला मिळते. तरीही येथील मराठी कुटुंबाच्या मनातला समुद्र हा कोकणचाच राहिला आहे आणि त्याच्या दर्शनासाठी वरठी येथील भंडारा रोड स्थानकावरून रात्रभराचा रेल्वेप्रवास करून मुंबई व पुढे अलिबाग किंवा गणपतीपुळे गाठण्याची रीत पडली आहे. दोन-तीन दिवसांच्या अशा सहलीत मावळत्या सूर्याचे छायाचित्र घेणे हा आज जवळजवळ विधीच झाला आहे. परंतु पाण्यावर मावळणारा सूर्य पाहण्यासाठी भंडाऱ्याच्या माणसाला समुद्रच लागतो असे नाही. ब्रिटिश काळातील गॅझेटिअरांनी ज्या प्रदेशाला नागपूरचा सरोवरप्रदेश म्हणून ओळखले आणि आजची सरकारी पत्रके ज्याला तलावांचा जिल्हा म्हणतात, त्या प्रदेशात काठ गावोगावी आहेत, आणि ते जवळजवळ सगळे माणसाने बांधलेले आहेत. समुद्रकिनाऱ्याच्या चित्रणाचा इतिहास लिहिताना निसर्गापासून आरंभ करता येतो. भंडाऱ्याच्या काठांचा इतिहास मात्र पाळ घालणाऱ्यांपासूनच सुरू करावा लागतो.

हे पाळ घालणारे लोक प्रामुख्याने कोहळी समाजाचे होते. वैनगंगेच्या खोऱ्यात धान व ऊस पिकवणारा हा शेतकरी समाज. चांद्याच्या गोंड राजांनी त्याला काशीकडून आणून येथे वसवले, अशी परंपरा सांगितली जाते. तिच्या ऐतिहासिक खरेपणाविषयी मतभेद होऊ शकतात. गोंड राजवटीत तलाव बांधणाऱ्यास त्या तलावाच्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन इनाम देण्याची पद्धत होती आणि अशा जमिनीला तुकूम म्हणत, ही गोष्ट मात्र या भागाच्या जमीनव्यवस्थेत पक्की नोंदलेली आहे. बक्षिसाचे मापच भिजलेल्या शेतावर ठरत असल्यामुळे पाळ कोठे घालायची, उताराचे किती पाणी अडवायचे आणि ते खालच्या बांध्यांपर्यंत, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या तुकड्यांपर्यंत, कसे न्यायचे, याचे अचूक ज्ञान पिढ्यान् पिढ्या साठत गेले. तलावाचे भाग ठरलेले असत : मातीची पाळ, तिच्या पोटातून पाणी सोडण्याचे तुडूम, जादा पाणी वाहून जाण्यासाठी सांडवा, ज्याला काही गावांत सलंग म्हणतात, आणि शेतांकडे जाणारे पाट. तलावाहून लहान, एकदोघा शेतकऱ्यांपुरता असलेला साठा म्हणजे बोडी.

या परंपरेतील सर्वांत मोठे काम म्हणजे नवेगावबांध. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असे मानले जाते. ब्रिटिश काळातील नोंदींत त्याचा घेर सुमारे १७ मैल दिला आहे. सभोवतालच्या टेकड्यांना लोक सातबहिणी म्हणतात, या बहिणींनी बांधकामाला हात लावला अशी कथा आहे, आणि स्वतः कोलू पाटील कोलासुर देव होऊन त्यांपैकी एका टेकडीवर पूजले जातात. अभियंत्याला देव करण्याची ही तऱ्हा नीट पाहण्यासारखी आहे, कारण तीतून या समाजाची पाण्याकडे पाहण्याची दृष्टी कळते : येथे सरोवराला देवत्व देण्याऐवजी सरोवर घडवणाऱ्याला ते दिले गेले. साकोलीजवळचा शिवणीबांध हा त्याच परंपरेतील दुसरा विस्तीर्ण तलाव.

पाळीच्या जागेचा छायाचित्रणाशी असलेला संबंध सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पाळ नेहमी उताराच्या खालच्या अंगाला असते, पाणी तिच्या वरच्या अंगाला पसरते आणि पलीकडे पाणलोटाची झाडी व टेकड्या राहतात. गावाकडून येणारी वाटही पाळीवरच चढते. त्यामुळे तलावाचे दृश्य पाहणारा माणूस जवळजवळ नेहमी पाळीवर उभा असतो आणि त्याची नजर उताराच्या उलट, वर जाते. वैनगंगेच्या पश्चिमेकडील जमिनीचा सर्वसाधारण उतार पूर्वेला, नदीकडे आहे. म्हणून तेथील अनेक तलावांच्या पाळी पूर्वेला पडतात आणि पाळीवरून पाहणाऱ्याला सूर्य पाण्यापलीकडे मावळताना दिसतो. नदीच्या पूर्वेला, जेथे उतार पश्चिमेचा आहे, तेथे मावळती पाठीमागे, धानाच्या बांध्यांत होते आणि पाण्यावर उगवती मिळते. डोंगररांगा व चुलबंदसारख्या उपनद्या हा नियम जागोजागी मोडतात, हे खरे. तरीही कोणत्या तलावावरून संध्याकाळचे चित्र मिळावे आणि कोणत्यावरून मिळू नये, हे दोन-तीनशे वर्षांपूर्वी धानाचा विचार करणाऱ्या कोणा पाटलाने नकळत ठरवून ठेवले आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

१८५३ साली या प्रदेशाचे राजे तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारल्यावर नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला, आणि त्यानंतरच्या जमीनबंदोबस्तात मालगुजारांना, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्यांना, गावाची मालकी मिळाली. तलावही त्यांच्या मालकीत गेले. मात्र गावकऱ्यांचे पाणी, मासे, शिंगाडे, गुरांची उतरण यांवरील रूढ हक्क वाजिब-उल-अर्ज नावाच्या गावनोंदीत लिहिले गेले, आणि अशा सामूहिक वापराला निस्तार ही संज्ञा रूढ झाली. म्हणजे भंडाऱ्याच्या पाण्याचे पहिले सविस्तर वर्णन हक्कांच्या व मापांच्या भाषेत झाले. १९०८ साली आर. व्ही. रसेल यांनी संपादिलेल्या जिल्हा गॅझेटिअरमध्येही तलावांविषयीचा आदर दिसतो, पण तो शेती आणि दुष्काळनिवारण यांच्या संदर्भातला आहे.

याच काळात भारतात कॅमेरा स्थिरावला होता. १८३९ साली युरोपात जाहीर झालेली ही कला काही महिन्यांतच येथील बंदरांत पोहोचली, १८५४ साली मुंबईत छायाचित्रण संस्था स्थापन झाली, आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे मराठी भाषक सुरुवातीच्या छायाचित्रकारांत होते. तरीही मध्य प्रांताच्या आतल्या भागातील पाण्याकडे कॅमेरा वळायला फार वेळ लागला. त्याचे एक कारण वाहतुकीचे होते : नागपूरच्या पूर्वेकडील रेल्वे तुमसरपर्यंत १८८०च्या सुमारास पोहोचली, आणि तोवर काचेच्या पट्ट्या, रसायने व काळोखी तंबू घेऊन बैलगाडीने फिरणे ही हौशी माणसाच्या आवाक्यातली गोष्ट नव्हती. दुसरे कारण पाहण्याच्या सवयीचे होते. राज्यकर्त्यांच्या कॅमेऱ्याला या मुलखात माणसे हवी होती. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील चार खंडांत छायाचित्रे आहेत, ती माणसांची, त्यांच्या वेशाची, देवळांची आणि नाचांची. त्यांत माणसाचा चेहरा स्पष्ट दिसतो आणि खाली जातीचे नाव असते. व्यक्तीचे नाव बहुधा नसते.

तिसरे कारण प्रकाशाचे आणि रसायनाचे होते, आणि मावळतीच्या चित्रणाच्या इतिहासात तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. सूर्य क्षितिजाशी आला की त्याच्या किरणांना वातावरणाचा अधिक जाड थर पार करावा लागतो, वाटेत निळा प्रकाश विखुरतो आणि डोळ्यांपर्यंत तांबडा-नारिंगी उरतो. एकोणिसाव्या शतकातील प्लेटा नेमक्या याच्या उलट स्वभावाच्या होत्या : १८५१ पासून वापरात आलेली ओली कोलोडियन प्लेट, म्हणजे चिकट द्रावणाचा थर देऊन ओली असतानाच वापरायची काच, निळ्या प्रकाशाला उतावळी आणि तांबड्याला जवळजवळ आंधळी असे. त्यामुळे दिवसाचे आकाश कोरे पांढरे येई आणि संध्याकाळची लाली काळसर निघे. फ्रान्समधील गुस्ताव ल ग्रे यांनी १८५६-५७ च्या सुमारास काढलेली समुद्रचित्रे जगभर गाजली, त्यामागचे रहस्य असे की काही चित्रांत समुद्राची निगेटिव्ह एक आणि आकाशाची दुसरी होती. दोन्ही एका कागदावर छापून त्यांनी एक संध्याकाळ तयार केली. आजच्या मोबाइलमधील चित्रे जोडण्याच्या सोयींना नावे ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, कारण सागरदृश्यांच्या छायाचित्रणाचा पायाच मुळी अशा जोडकामावर रचला गेला आहे. सर्व रंगांना सारखा प्रतिसाद देणाऱ्या प्लेटा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बाजारात आल्या, सामान्य वापराची रंगीत फिल्म १९३५ नंतर, आणि भारतातील जिल्ह्याच्या गावी रंगीत रोल धुऊन मिळण्याची सोय त्याहून कितीतरी उशिरा.

तोपर्यंत गावोगावच्या लोकांना छायाचित्रातील पाणी भेटले ते पडद्यावर रंगवलेले. देशभरच्या स्टुडिओंप्रमाणे विदर्भातील स्टुडिओंतही गिऱ्हाइकाच्या मागे बाग, महाल, जिना, तळे किंवा चंद्र असलेला पडदा लावण्याची पद्धत होती, आणि जत्रांतील तात्पुरत्या तंबूंत समुद्र व नारळीची झाडेही येत. झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोलीच्या धानपट्ट्यात, दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि रात्री दंडार हे लोकनाट्य किंवा नाटक असा तिचा थाट असतो, आणि धान कापणीला आलेले असल्यामुळे हातात थोडा पैसा येण्याची आशा असते. अशा प्रसंगी हौसेने काढून घेतलेल्या चित्रांत नवे जोडपे कधी न पाहिलेल्या लाटांपुढे ताठ उभे असते, आणि गावचा खरा तलाव पाळीपलीकडे हाकेच्या अंतरावर असूनही चौकटीत येत नाही. यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. रोज गुरे धुवायला आणि पाणी भरायला जायची जागा फोटोसाठी कोणी निवडत नसते. फोटो हा नेहमीपेक्षा वेगळे दिसण्यासाठीच काढला जाई.

स्वातंत्र्यानंतर १९५० च्या कायद्याने मध्य प्रदेशातील, आणि म्हणून तेव्हा त्या प्रांतात असलेल्या भंडाऱ्यातील, मालगुजारी नष्ट झाली व तलाव सरकारकडे आले. तेव्हापासून त्यांना माजी मालगुजारी तलाव, बोलीभाषेत मामा तलाव, म्हणतात. पूर्व विदर्भात ते सहा हजारांहून अधिक आहेत. लहान तलाव पुढे जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले, देखभालीचे जुने गावकी बंधन सैल झाले, गाळ साचला आणि बेशरमाच्या झुडपांनी काठ वेढले. याच उतरत्या काळात घरगुती कॅमेरा मात्र वर चढत होता. बडोद्यात तयार होणारा अग्फा क्लिक-३ हा मध्यमवर्गीय घरांतील परिचित कॅमेरा, ज्यात एका रोलवर बारा चौकोनी चित्रे निघत. त्यावर उन्हासाठी आणि ढगाळ हवेसाठी खुणा होत्या, मावळतीसाठी खूण नव्हती. बारांपैकी एक चित्र सूर्यावर खर्च करणे ही उधळपट्टीच वाटे, आणि कृष्णधवल फिल्मवर हाती येई तो पांढरा ठिपका.

म्हणून भंडाऱ्याच्या पाण्याचे सौंदर्य महाराष्ट्राला प्रथम कळले ते शब्दांतून. नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले, नवेगावबांध १९७५ साली राष्ट्रीय उद्यान; दोन्ही त्या वेळी भंडारा जिल्ह्यातच होती. स्वतः चित्रकार असलेल्या व्यंकटेश माडगूळकर यांचे ‘नागझिरा’ १९७९ साली आले. वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांनी नवेगावबांधच्या सेवाकाळात तेथील पक्षी, मासे, झाडे आणि लोकभाषेतील त्यांची नावे टिपली. कोहळी परंपरेतील माधवराव पाटील डोंगरवार हे त्यांचे या जलाशयाविषयीचे मार्गदर्शक होते, आणि तलाव बांधणाऱ्यांच्या वंशाकडून तलाव वाचायला शिकणारा लेखक मराठीला क्वचितच लाभला असेल. २०२५ साली पद्मश्री मिळाल्यानंतर काही आठवड्यांतच चितमपल्ली यांचे निधन झाले. त्यांच्या पुस्तकांनी घडवलेला वाचक पुढे दुर्बीण आणि लांब भिंग घेऊन या तलावांवर येऊ लागला, असे मानण्यास जागा आहे. निदान हिवाळ्यात पट्टकदंब, तलवार बदक, लालसरी व चक्रवाक येतात आणि त्यांच्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ राखून ठेवावा, हे ज्ञान रुजवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा नवेगावबांध व नागझिऱ्याचा मोठा भाग तिकडे गेला, आणि भंडाऱ्याने आपला सर्वांत प्रसिद्ध काठ गमावला.

त्याच सुमारास जिल्ह्याच्या दक्षिणेला एक नवा, फार मोठा काठ तयार होत होता. पवनी तालुक्यातील गोसीखुर्द येथे वैनगंगेवरील धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. तेहतीस दरवाजांच्या या इंदिरासागर प्रकल्पाचा पाणफुगवटा उत्तरेला भंडारा शहराच्या वेशीपर्यंत येतो. भंडारा व नागपूर जिल्ह्यांतील अनेक गावे त्यात बुडाली आणि पुनर्वसनाचा प्रश्न दशकानुदशके चालला. मामा तलाव नजरेच्या टप्प्यात मावतो, गोसीखुर्दचा जलाशय मावत नाही. जिल्ह्यात प्रथमच असा काठ झाला की ज्याच्यापलीकडे संध्याकाळी धूसर क्षितिजाखेरीज काही दिसत नाही, आणि समुद्राची आठवण करून देणारे चित्र घरच्या घरी मिळू लागले. पाण्यात उभी राहून वठलेली झाडे ही येथील छायाचित्रांची आवडती खूण आहे. नारिंगी पाण्यावर त्यांचे काळे खराटे फार देखणे दिसतात. ती पूर्वी कोणाच्या धुऱ्यावर होती, हे चित्र पाहणाऱ्याला विचारावेसे वाटत नाही.

जलाशयाच्या वरच्या अंगाला आंभोरा आहे. वैनगंगेला कन्हान, आम व आणखी नद्या मिळतात तो हा संगम. चैतन्येश्वराचे देऊळ आणि मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधू’शी जोडलेली परंपरा यांमुळे हे स्थान जुने तीर्थ आहे, जरी मुकुंदराजांवर आंबेजोगाईचाही हक्क सांगितला जातो. देऊळ नागपूर जिल्ह्याच्या हद्दीत, समोरचा तीर भंडाऱ्याचा. दोन्ही तीर जोडणारा, तारांनी पेललेला पूल २०२४ साली खुला झाला, आणि त्याच्या खांबावर उंच काचबंद निरीक्षण-दालन ठेवण्यात आले आहे. पूल बांधतानाच पाहण्याची जागा आखणे ही या जिल्ह्याच्या जलकामांतील नवीन गोष्ट. याच संगमातून नागपूरचे सांडपाणी नाग नदी व कन्हानमार्गे वैनगंगेत येते आणि संथ झालेल्या पाण्यात जलपर्णी माजते. तिच्या जांभळ्या फुलांची चादर चित्रात मोहक येते, आणि भंडारा शहराला पिण्याच्या पाण्याची चिंता लागते.

मोबाइल कॅमेऱ्याने चित्राची किंमत शून्यावर आणल्यावर मावळतीचा मान वाढला. रेखांशाच्या फरकामुळे कोकणकिनाऱ्यापेक्षा भंडाऱ्यात सूर्य सुमारे अर्धा तास आधी मावळतो. त्यामुळे शनिवारी दुपारनंतर घरून निघालेल्यांना रावणवाडी, चांदपूर किंवा शिवणीबांध गाठेपर्यंत फार वेळ हाती नसतो. भरती-ओहोटी आणि लाटा नसल्याने तलावात सूर्याचे पूर्ण प्रतिबिंब मिळते, पण ते पाणी आश्विनात खालच्या शेतांना किती द्यावे लागले यावर अवलंबून असते : परतीचा पाऊस दगा देतो त्या वर्षी धान वाचवण्यासाठी तुडूम उघडतात, पाणी पाळीपासून दूर सरते आणि जानेवारीत चित्राच्या पुढच्या भागात चिखल येतो. पक्ष्यांना तो उथळ चिखल आवडतो, छायाचित्रकाराला आवडत नाही.

संध्याकाळ ही ढिवरांची, म्हणजे परंपरागत मासेमारांची, जाळी टाकण्याची वेळ असल्यामुळे डोंग्यातील माणसाची छायाकृती हा अशा चित्रांचा ठरीव विषय झाला आहे. सूर्यासमोर कॅमेरा धरला की माणूस काळा पडतो, हा प्रकाशाचा नियम आहे. परंतु १९१६च्या खंडांत ज्याला चेहरा होता आणि नाव नव्हते, त्याचा शंभर वर्षांनी चेहराही गेला, हे नोंदले पाहिजे, विशेषतः तो ज्या पाण्यात आहे त्याचा मासेमारीचा ठेका त्याच्याच सहकारी संस्थेने रोख पैसे मोजून घेतलेला असतो तेव्हा.

वैशाखात पाणी आटले की हौशी कॅमेरे तलावाकडे फिरकत नाहीत, आणि नेमके तेव्हाच पाळीच्या पोटाकडील दगडी अस्तर, तुडुमाचे जुने बांधकाम व गाळाची जाडी उघडी पडते. त्या दिवसांतील चित्रे असतात, पण ती सरकारी फायलींत : २०१५ पासूनच्या जलयुक्त शिवार योजनेत कामापूर्वी, काम चालू असताना आणि कामानंतर अशी छायाचित्रे अक्षांश-रेखांशासह मोबाइलवरून नोंदवण्याची पद्धत नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राने तयार केलेल्या प्रणालीतून सुरू झाली. कोलू पाटलांच्या जातभाईंनी रचलेल्या पाळींची बांधणी समजून घेऊ पाहणाऱ्या अभ्यासकाला शेवटी त्याच फायली मागाव्या लागतील.